जो सॅको यांची कारकीर्द: आधी विचारणे, मग रेखाटणे

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, युद्ध आणि दंगलींचे वार्तांकन चित्रकथांतून करणाऱ्या जो सॅको यांना पत्रकार म्हणायचे की चित्रकार, त्यांची कारकीर्द नेमकी कशी घडत गेली, वार्तांकन करताना ते स्वतःचेच चित्र पानोपानी का काढतात, आणि अशा कामावर माणसाचे पोट भरू शकते का. मी स्वतः बरीच वर्षे खऱ्या घटनांवरच्या चित्रकथा काढत आलो आहे आणि आता त्या शिकवतोही, त्यामुळे या प्रश्नांचे उत्तर थोडे सविस्तर देणे मला आवश्यक वाटते. सॅको यांच्या शाईच्या दाट रेघांचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. परंतु नव्या चित्रकाराने त्यांच्याकडून घ्यावे ते त्या रेघांच्या आधीचे काम, म्हणजे माणसांना प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत आणि आपल्याला माहिती कशी मिळाली हे वाचकापासून न लपवण्याचा त्यांचा आग्रह. त्यांच्या आयुष्याकडे मी त्याच अंगाने पाहणार आहे.

सॅको यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1960 रोजी माल्टा या भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या बेटदेशातील किरकॉप या गावी झाला. ते अगदी लहान असताना कुटुंब ऑस्ट्रेलियात गेले, तिथे मेलबर्नमध्ये त्यांचे बालपण गेले आणि 1972 साली सर्व जण अमेरिकेत लॉस एंजेलिसला आले. पुढे ऑरेगन विद्यापीठातून त्यांनी 1981 साली पत्रकारितेची पदवी घेतली. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कोणत्याही कला महाविद्यालयात घेतले नाही. लहानपणापासून काढत राहणे एवढीच त्यांची चित्रशाळा. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या पुस्तकांची बांधणी पाहिली की ती बातमीदाराने केलेली आहे हे लगेच जाणवते. कोण बोलले, कुठे बोलले, ते खरे कशावरून, दुसरी बाजू काय म्हणते, हे प्रश्न त्यांच्या पानांत चित्राच्या आधी येतात.

पदवी मिळाली तरी मनासारखी नोकरी मिळाली नाही. काही काळ त्यांनी नोटरींच्या एका संघटनेच्या मुखपत्रात काम केले आणि मग ते माल्टाला परतले. तिथे 1983 साली त्यांनी माल्टी भाषेत प्रणयकथांची एक कॉमिक मालिका काढली. माल्टामध्ये कॉमिक्सची परंपराच नव्हती, त्यामुळे कॉमिक्स म्हणजे मुलांची करमणूक हा समजही तिथे रुजलेला नव्हता. जिथे घटस्फोटाला कायद्याची मान्यता 2011 मध्ये मिळाली अशा त्या कॅथलिक देशात त्यांच्या मालिकेतली एक नायिका गर्भपातासाठी परदेशी जाते, आणि ही गोष्ट वाचकांपुढे प्रौढांसाठी लिहिलेली कथा म्हणूनच गेली. भविष्यातल्या कामाची ही पायाभरणी होती असे मी म्हणणार नाही. मात्र या माध्यमात गंभीर विषय मांडता येतो याचा अनुभव त्यांना वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळाला, हे महत्त्वाचे आहे.

इथे पर्यायी कॉमिक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेतील सुपरहिरोंच्या उद्योगात लेखक वेगळा, पेन्सिलीने काढणारा वेगळा, शाई फिरवणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा आणि अक्षरे काढणारा वेगळा असतो, आणि पात्रांची मालकी बहुधा कंपनीकडे असते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट क्रम्ब यांच्यासारख्या चित्रकारांनी या उद्योगाबाहेर राहून, सेन्सॉरचे नियम धुडकावून, स्वस्त काळ्या-पांढऱ्या छपाईत स्वतःची अंडरग्राउंड कॉमिक्स काढली. ऐंशीच्या दशकात त्या चळवळीतूनच पर्यायी कॉमिक्सची पुढची पिढी आली. केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने शहरोशहरी उघडली होती आणि सिएटलच्या फँटाग्राफिक्ससारखे प्रकाशक एकाच व्यक्तीने लिहिलेले आणि काढलेले काम, हक्क तिच्याकडेच ठेवून, छापायला तयार होते. विक्री थोडी, पण काय काढायचे हे चित्रकार ठरवणार. सॅको याच वातावरणात वाढले. पोर्टलंडमध्ये त्यांनी 1985 च्या सुमारास एका मित्राबरोबर विनोदी आणि कॉमिक्सचे एक स्थानिक नियतकालिक चालवले, त्यानंतर फँटाग्राफिक्सच्याच समीक्षा-नियतकालिकात बातम्या लिहिण्याची नोकरी केली आणि 1988 ते 1992 या काळात ‘याहू’ नावाची स्वतःची मालिका सहा अंकांत काढली. या नावाचा आजच्या इंटरनेट कंपनीशी संबंध नाही. ती कंपनी नंतरची.

‘याहू’मधले पुष्कळसे काम उपरोधिक, थोडे आत्मकेंद्री आणि त्या काळच्या अंडरग्राउंड शैलीचे आहे. एका रॉक बँडबरोबर युरोपभर फिरण्याची हकिकत त्यात आहे. परंतु त्यातली एक कथा मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देतो. दुसऱ्या महायुद्धात इटली आणि जर्मनीच्या विमानांनी माल्टावर प्रचंड बॉम्बफेक केली, तेव्हा सॅको यांची आई लहान मुलगी होती. तिने सांगितलेल्या आठवणी त्यांनी तिच्याच निवेदनाने चित्रांत उतरवल्या. दुसऱ्याच्या तोंडची साक्ष, तिचे शब्द न बदलता, ऐकणाऱ्याने डोळ्यांपुढे उभे केलेले प्रसंग आणि साध्या माणसाच्या वाट्याला आलेले युद्ध, हे सगळे त्या कथेत आहे. त्यांच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकाचा साचा इथे पहिल्यांदा दिसतो, आणि पहिली मुलाखत त्यांनी आईची घेतली हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतर ते बर्लिनमध्ये राहत होते आणि पोस्टर, रेकॉर्डची वेष्टने अशी कामे करून भागवत होते. 1991 चे आखाती युद्ध त्यांनी तिथून पाहिले. पॅलेस्टाईनविषयी अमेरिकन वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी जे सांगत होती त्यात पॅलेस्टिनी माणूस स्वतः कधी बोलतच नाही, ही खंत त्यांच्या मनात वाढत गेली. 1991 च्या डिसेंबरात ते तिकडे निघाले. कोणत्याही वृत्तपत्राने पाठवलेले नव्हते, ओळखपत्र नव्हते, पदरचे थोडे पैसे होते. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी लोकांचा उठाव, अजून चालू होता. सुमारे दोन महिने ते वेस्ट बँक आणि गाझामध्ये फिरले, लोकांच्या घरी चहा पीत बसले, ऐकले, टिपणे घेतली. त्यातून 1993 ते 1995 या काळात नऊ अंकांची ‘पॅलेस्टाईन’ ही मालिका प्रसिद्ध झाली.

या मालिकेचे सुरुवातीचे अंक आणि शेवटचे अंक शेजारी ठेवून पाहा, म्हणजे चित्रकार कामातून कसा शिकतो ते कळेल. सुरुवातीला माणसांचे चेहरे क्रम्बच्या वळणाचे, फुगलेल्या ओठांचे, विकृत केलेले आहेत; निवेदनाच्या पट्ट्या पानभर वाकड्यातिकड्या उधळलेल्या आहेत आणि त्यामुळे गर्दी, गोंगाट, गोंधळ जाणवतो. जसजसे साक्षीदार वाढत गेले तसतसे सॅको यांना उमगले की जो माणूस आपल्या तुरुंगवासाची हकिकत सांगतो आहे त्याचा चेहरा व्यंगचित्र करून काढणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. रेघ सावध झाली, इमारती, चिखल, पत्रे, टायर यांचे तपशील वाढले. स्वतःचे चित्र मात्र त्यांनी तसेच विनोदी ठेवले, त्याविषयी पुढे बोलतो.

या पुस्तकातले कौशल्याच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण चौकशीचे आहे. 1987 साली इस्रायलमधील लँडाऊ आयोगाने चौकशीदरम्यान माफक प्रमाणात शारीरिक दबाव आणण्यास मुभा दिली होती. सॅको यांना भेटलेल्या एका गृहस्थाला अटक झाली, डोक्यावर पिशवी घालून, हात बांधून, झोपू न देता अनेक दिवस ठेवले गेले. या प्रकरणात ते काळी पार्श्वभूमी वापरतात आणि पान सरळ, ताठ जाळीत विभागतात. पाने उलटत जावीत तसतशा चौकटी लहान होत जातात आणि त्यांची संख्या वाढत जाते. वाचकाचा श्वासही त्याबरोबर कोंडत जातो. त्या माणसाला भास होऊ लागतात तेही त्याच छोट्या चौकटींत येते, आणि तो सुटून रस्त्यावर येतो तेव्हा चौकट पुन्हा मोठी होते. कुठेही रक्ताचे थारोळे नाही, किंचाळीचे मोठे अक्षर नाही. चौकटीचा आकार हाच इथे आशय झाला आहे. वेदना दाखवायची म्हणजे जखम जवळून काढायची, असा समज असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही पाने हाताने नक्कल करून पाहावीत.

सुट्या अंकांची विक्री निराशाजनक होती. 1996 साली मालिकेला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले, तरी ती मोठ्या वाचकवर्गापर्यंत गेली ती 2001 मध्ये, जेव्हा सर्व अंक एका ग्रंथात पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांच्या प्रस्तावनेसह आले. मधल्या वर्षांत सॅको युद्धाने होरपळलेल्या बोस्नियात होते. 1995 च्या अखेरीपासून त्यांनी द्रिना नदीकाठच्या गोराझ्दे या शहराला चार वेळा भेट दिली. संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेल्या पूर्व बोस्नियातल्या वस्त्यांपैकी स्रेब्रेनिका आणि झेपा 1995 च्या जुलैत पडल्या. गोराझ्दे वेढ्यातही तग धरून राहिले. बहुतेक पत्रकार संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याबरोबर येत, वाक्य-दोन वाक्ये टिपत आणि त्याच दिवशी परत जात. सॅको मुक्कामाला राहिले. एडिन या शिक्षक-मित्राच्या घरी राहून त्यांनी शहराचा रोजचा दिवस पाहिला. तिथल्या तरुणी त्यांना राजधानी सारायेवोहून येताना लिव्हाइसची खरी 501 जीन्स आणायला सांगतात. वेढ्यातल्या शहरातली ही मागणी कोणत्याही बातमीत बसली नसती, पण त्या मुलींना युद्धाने काय नाकारले हे त्या एका मागणीतून कळते.

या मुक्कामांतून 2000 साली आलेल्या ‘सेफ एरिया गोराझ्दे’ या पुस्तकात त्यांनी एक साधा नियम पाळला: वर्तमानातली पाने पांढऱ्या कागदावर आणि युद्धाच्या आठवणींची पाने काळ्या कडांमध्ये. त्यामुळे पुस्तक मिटलेले असतानाही बाजूने पाहिले तर काळे पट्टे दिसतात आणि आपण कुठे आहोत हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. 2001 मध्ये त्यांना कॉमिक्सच्या क्षेत्रातला मानाचा आयझ्नर पुरस्कार आणि गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या कामाला काहीसे आर्थिक स्थैर्य आले. 2003 मधले ‘द फिक्सर’ हे पुस्तक सारायेवोतल्या एका माणसाविषयी आहे, जो परदेशी पत्रकारांना पैसे घेऊन बातम्या आणि भेटी मिळवून देतो. तो सांगतो त्यातले खरे किती, या शंकेभोवतीच पुस्तक उभे आहे. परदेशी वार्तांकन कोणाच्या खांद्यावर चालते हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे काम मी दुसरे पाहिलेले नाही.

आता ज्या पुस्तकासाठी मला सर्वांत अधिक जागा घ्यायची आहे, ते ‘फूटनोट्स इन गाझा’. 2001 मध्ये सॅको आणि पत्रकार ख्रिस हेजेस एका अमेरिकन मासिकासाठी गाझातील खान युनिस येथे गेले होते. तिथे इजिप्तविरुद्धच्या सुएझ युद्धाच्या काळात, 3 नोव्हेंबर 1956 रोजी, इस्रायली सैनिकांनी केलेल्या हत्यांची माहिती वृद्धांकडून मिळाली. लेख छापून आला तेव्हा तो भाग गाळलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या त्या काळच्या अहवालात खान युनिसमधील 275 आणि 12 नोव्हेंबर रोजी गाझातल्याच राफामधील 111 मृतांचा उल्लेख आहे, पण इतिहासाच्या पुस्तकांत या घटना तळटीपेपलीकडे जात नव्हत्या. ज्यांनी ते पाहिले ती माणसे म्हातारी होत होती. सॅको 2002 आणि 2003 मध्ये गाझाला परतले, शक्य तितके साक्षीदार शोधले, इस्रायली कागदपत्रे धुंडाळायला तिथले संशोधक नेमले आणि मग 400 हून अधिक पानांचे पुस्तक लिहून-काढून 2009 साली प्रसिद्ध केले. म्हणजे दोन दिवसांच्या घटनांसाठी जवळपास सात वर्षे.

या पुस्तकाचे मोठेपण मला त्यातील शंकांमध्ये दिसते. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण कोणाची किती पक्की असणार? एक साक्षीदार आपल्या भावांच्या मृत्यूचे वर्णन आपण तिथे हजर होतो असे करतो. त्याच प्रसंगाचे इतर साक्षीदार म्हणतात की तो तेव्हा तिथे नव्हता. सामान्य लेखकाने यातली सोयीची हकिकत निवडली असती. सॅको दोन्ही साक्षी पुढे ठेवतात, विसंगती कुठे आहे ते चित्रासह दाखवतात आणि तरीही ज्या मुद्द्यावर सर्व साक्षी जुळतात तो मुद्दा वेगळा काढून दाखवतात. राफामध्ये पुरुषांना एका शाळेत जमवताना दरवाजाशी सैनिक काठ्यांनी डोक्यावर मारत होते. हा दरवाजा पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो, दरवेळी वेगळ्या माणसाच्या तोंडून, किंचित वेगळ्या कोनातून. एकाच प्रसंगाची ही पुनरावृत्ती शब्दांत कंटाळवाणी झाली असती. चित्रांत ती पुराव्यासारखी साचत जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तमान. सॅको 1956 विषयी विचारत असताना राफामध्ये घरे बुलडोझरने पाडली जात होती, आणि तरुण मुले त्यांना विचारत होती की आजचे सोडून तुम्ही जुने काय उकरता आहात. हा प्रश्नही पुस्तकात आहे, आणि त्यांनी तो सोडवल्याचा आव आणलेला नाही. ज्या छावण्यांतल्या मूळ रचना पुसल्या गेल्या होत्या, त्या 1956 मध्ये कशा दिसत होत्या हे ठरवण्यासाठी त्यांनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडील जुनी छायाचित्रे मिळवली. घरांची उंची, भिंतींचा पोत, रस्त्याची रुंदी, लोकांचे कपडे, हे सर्व त्यातून आले.

इथून मी त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे वळतो. सॅको क्षेत्रावर असताना फार थोडे रेखाटतात. ते मुलाखती ध्वनिमुद्रित करतात, वहीत टिपणे घेतात, जागांची छायाचित्रे काढतात. घरी परतल्यावर मुलाखती उतरवून काढणे, त्यांची सूची करणे, विषयवार मांडणी करणे यात महिने जातात. मग संपूर्ण संहिता लिहून होते आणि त्यानंतरच टाक आणि शाई. त्यांच्या प्रश्नांत एक वेगळा प्रकार असतो, ज्याला मी वर्गात दृश्य-प्रश्न म्हणतो: तुम्ही कुठे उभे होता, दार कोणत्या बाजूला उघडत होते, सैनिक किती अंतरावर होता, अंगावर काय होते, जमीन ओली होती की कोरडी. लेखक-पत्रकाराला हे प्रश्न सुचत नाहीत, कारण त्याला उत्तराशिवाय वाक्य लिहिता येते. चित्रकाराला उत्तराशिवाय चौकट काढताच येत नाही.

याचा एक परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. धरणात बुडालेल्या गावातून उठून आलेल्या एका आजींना मी गावाविषयी विचारले, तेव्हा त्या सर्व जण सांगतात तेच सांगत होत्या: गाव फार छान होते, पाणी होते, झाडे होती. मी विचारले, “आजी, उंबऱ्यातून बाहेर पाय टाकला की समोर काय दिसायचं?” त्या थांबल्या, डोळे मिटले आणि मग शेजारणीच्या जात्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत एकेक गोष्ट क्रमाने सांगू लागल्या. जागेविषयी विचारले की आठवण तोंडपाठ वाक्यांतून सुटते. मात्र याच कारणाने असे प्रश्न जपून विचारावे लागतात. हिंसा सोसलेल्या माणसाला तो कुठे उभा होता हे विचारणे म्हणजे त्याला पुन्हा तिथे उभे करणे होय. समोरच्याला नको असेल तिथे थांबायचे, ही शिस्त मी विद्यार्थ्यांकडून सर्वांत आधी अपेक्षितो.

आता स्वतःचे चित्र काढण्याविषयी. सॅको स्वतःला गोल भिंगांचा चष्मा घातलेला, काहीसा बावळट, घाबरणारा, कधी स्वार्थीही असा माणूस म्हणून काढतात. चष्म्याच्या काचा कोऱ्या असतात, डोळे दिसत नाहीत. अनेकांना हा आत्मप्रौढीचा प्रकार वाटतो. माझ्या मते तो हिशेब देण्याचा प्रकार आहे. वार्ताहर खोलीत बसलेला असतो, त्याच्यासाठी चहा येतो, तो भाषांतरकारावर अवलंबून असतो, त्याला चांगली गोष्ट हवी असते आणि समोरच्याला त्याच्याकडून काही हवे असते. वृत्तपत्रातला मजकूर हे सगळे पुसून टाकतो आणि सर्वज्ञ आवाजात बोलतो. सॅको ते पुसत नाहीत. ‘पॅलेस्टाईन’मध्ये ते स्वतःला एखादी भीषण हकिकत मिळाल्याबद्दल मनातल्या मनात खूश होताना काढतात, आणि ती कबुली वाचून वाचकाला त्यांच्या इतर चौकटींवर विश्वास ठेवण्याचे कारण मिळते. डोळे कोरे ठेवल्यामुळे त्यांच्या भावना पुढे येत नाहीत. आपले लक्ष बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर राहते, जो फार काळजीपूर्वक काढलेला असतो. चित्र हे मुळातच कोणाच्या तरी हाताने काढलेले असते, ते तटस्थ असल्याचा दावा करूच शकत नाही, ही भूमिका त्यांनी 2012 मध्ये आलेल्या ‘जर्नालिझम’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्पष्टपणे मांडली आहे. व्यक्तिनिष्ठ असणे आणि अचूक असणे यांत विरोध नाही. सैनिकी गाडी कशी दिसते हे नेमके काढायचेच, अवतरण जसेच्या तसे द्यायचेच. परंतु पाहणारा कोण आहे हेही सांगायचे.

याच संग्रहात कुशीनगरवरील कथा आहे, आणि भारतीय वाचकाने ती जरूर वाचावी. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे स्थान म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या या जिल्ह्यातील मुसहर वस्त्यांत सॅको गेले. उंदरांच्या बिळांतून धान्याचे दाणे काढून खाणाऱ्या दलित कुटुंबांची भूक, शिधापत्रिका, रोजगार हमीची कामे आणि गावातले सत्तेचे गणित यांवर ती कथा आहे. युद्धभूमीवर नाव कमावलेल्या चित्रकाराने एकही गोळी न सुटणाऱ्या वस्तीत तेवढ्याच शांतपणे बसून ऐकले, याचे मोल मला फार वाटते. पुढे ते 2013 च्या मुझफ्फरनगर दंगलींचा माग काढत पुन्हा उत्तर प्रदेशात आले. त्या दंगलींत 60 हून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे 50,000 बेघर झाली. जाट शेतकरी, निर्वासित छावण्यांतले मुस्लिम, राजकारणी, अधिकारी, प्रत्येकाची घटनाक्रमाची स्वतःची आवृत्ती होती. त्यावरचे ‘द वन्स अँड फ्यूचर रायट’ हे पुस्तक इंग्रजीत 2025 मध्ये आले, म्हणजे घटनेनंतर बारा वर्षांनी. ‘फूटनोट्स’मध्ये साक्षींतल्या विसंगती काळाने आणल्या होत्या, इथे त्या अवघ्या वर्षभरात, हेतूपुरस्सर घडवलेल्या दिसतात, आणि म्हणून ही दोन पुस्तके मी एकत्र वाचायला सांगतो.

बाकीच्या कामाचा उल्लेख धावता करतो. 2013 मध्ये त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवसाचे, म्हणजे 1 जुलै 1916 चे, घडीघडीने उलगडणारे 24 फूट लांबीचे एकच निःशब्द चित्र प्रसिद्ध केले. फ्रान्समधल्या बायो या गावची मध्ययुगातली भरतकाम केलेली लांब पट्टी हा त्याचा आदर्श होता. 2020 च्या ‘पेइंग द लँड’मध्ये कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील डेने या मूळनिवासी लोकांच्या जमिनीची, तेल-वायूच्या उत्खननाची आणि मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची हकिकत आहे. त्यात जुन्या जीवनाची पाने चौकटींच्या कडक सीमांशिवाय वाहत जातात आणि सरकार, करार, शाळा आल्या की पुन्हा रेघा आखल्या जातात. ‘पॅलेस्टाईन’मधल्या चौकशीच्या प्रकरणातली तीच जाण इथे उलट्या दिशेने वापरलेली आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गाझात युद्ध सुरू झाल्यानंतर त्यांच्या गाझावरील जुन्या पुस्तकांची मागणी एकदम वाढली, पुनर्मुद्रणे झाली, आणि त्यांनी स्वतः ‘वॉर ऑन गाझा’ ही छोटी, संतप्त पुस्तिका 2024 मध्ये काढली. ती वार्तांकन नाही, भाष्य आहे, आणि तसे ती सांगते.

पैशाचा प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. सॅको यांनी पदवीनंतर वीस वर्षे इतर कामांच्या आधारावर किंवा अगदी काटकसरीने हे काम केले. शिष्यवृत्ती, मासिकांचे मानधन आणि मोठ्या प्रकाशकांची आगाऊ रक्कम त्यांना मिळाली ती पहिली दोन मोठी कामे पूर्ण झाल्यानंतर. त्यांच्या पिढीला स्वस्त भाड्याची शहरे आणि सुट्या अंकांची दुकाने उपलब्ध होती, ती तुम्हाला नाहीत. मराठीत पूर्ण लांबीच्या वास्तवदर्शी चित्रकथेवर आज घर चालवता येईल असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पुस्तकांची चित्रे, मांडणी, शिकवणे, संस्थांसाठी दस्तऐवजीकरण, यांपैकी काहीतरी हाताशी ठेवावे लागेल. मात्र एखाद्या दिवाळी अंकातली आठ पाने मिळाली तर ती पूर्ण वार्तांकन करून भरावीत, असे मी आग्रहाने सांगेन. आठ पानांसाठी चार माणसांच्या मुलाखती, दोन फेऱ्या आणि एक लिखित संहिता एवढी तयारी पुरते, आणि सॅको यांच्या अनेक उत्तम कथा साधारण अशाच लांबीच्या आहेत.

वाचनाची सुरुवात मी ‘जर्नालिझम’पासून करायला सांगेन, कारण त्यातल्या कथा लहान आहेत आणि प्रत्येक विभागाच्या शेवटी त्यातल्या कथा कशा घडल्या यावर त्यांनी स्वतः टिपण लिहिले आहे. त्यानंतर गोराझ्देवरील पुस्तक, मग ‘फूटनोट्स इन गाझा’, आणि ते पचल्यावर मागे येऊन ‘पॅलेस्टाईन’. कालक्रमाने वाचले तर सुरुवातीच्या विकृत चेहऱ्यांशी अडखळायला होते. उलट आलात तर तीच पाने शिकत असलेल्या माणसाची वही म्हणून वाचता येतात. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक मुलाखतीच्या पानावर हे लिहून काढा की या चौकटीसाठी त्यांनी समोरच्याला कोणता प्रश्न विचारला असेल.